शेवटचा रकाना

पहाटे ४.३५

चारकोप मार्केटच्या कोपऱ्यावर टेम्पो येऊन गेलाय. बंद दुकानाच्या पायरीवर पेपरांचे गठ्ठे पडलेत. काका गठ्ठ्याची प्लास्टिकची पट्टी दुचाकीच्या किल्लीनं तोडतात. चार पोरं मांडी घालून पुरवण्या भरतायत. डाव्या हाताला मुख्य अंक, उजव्या हाताला पुरवणी, मध्ये क्लासचं पत्रक. पत्रकाचे पैसे वेगळे मिळतात, म्हणून पत्रकं आधी मोजली जातात. एका लाइनचे पोराला महिन्याला अडीच-तीन हजार. एकही जण जांभई देत नाही.

ताई आल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात पावसाळी चपला. लोकसत्ता, महाराष्ट्र टाइम्स, लोकमत, सकाळ, सामना, नवाकाळ. सगळ्यांचा एकेक अंक. सुट्टे मोजून देतात, पस्तिशीच्या आसपास. घडी मोडलेला अंक त्या घेत नाहीत. घडीवर छपाई पुसट होते, मग झेरॉक्स नीट निघत नाही.

"वहिनी, आज काही गावणार का?" काका विचारतात.

"खून आहे?"

"खून रोजच असतो."

ताईंनी फोर्टमधल्या एका ऑफिसात वीसेक वर्षं कात्रणं कापली. कंपन्यांची नावं पेपरात कुठं आली ते शोधायचं, कापायचं, चिकटवायचं, नऊच्या आत पाकीट पोचवायचं. मग ते काम संगणकावर गेलं आणि कापणारे हात घरी आले. आता त्यांचं गिऱ्हाईक एकच आहे. मानसशास्त्रात पीएचडी करणारी एक मुलगी. गुन्ह्यांच्या बातम्यांत माणसाच्या मनाबद्दल जे छापून येतं, ते संशोधनाशी ताडून पाहायचं, हा तिचा विषय. न्यायसहायक मानसशास्त्र असं त्याचं भारदस्त नाव आहे. ताई म्हणतात, "पोलिसांचं मानसशास्त्र."

पहाटे ५.२०

घर म्हाडाच्या बैठ्या प्लॉटवरचं. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं चारकोपला असे प्लॉट आखले गेले. जमीन, पाणी, गटार सरकारनं द्यायचं, घर ज्याचं त्यानं बांधायचं. ताईंच्या सासऱ्यांनी आधी चार भिंती आणि पत्रा घातला. वरचा मजला पुढे मुलांनी चढवला. खालच्या खोलीत शिलाई मशिनचं टेबल आहे. मशिन आत बुडवलं की वर सपाट फळी. हेच ऑफिस.

हत्यारं थोडी. स्टीलची फूटपट्टी, दाढीचं ब्लेड अर्धं मोडून चिमट्यात धरलेलं, तारखेचा रबरी शिक्का, ग्लू स्टिक, ए-फोर कागदांचं रिम. कात्री आहे, पण ती वापरत नाहीत. कात्रीची रेघ वाकडी जाते. पूर्वी खळ असायची. खळीला झुरळं लागतात. पातळ केलेल्या फेविकॉलनं कागद फुगतो. स्टिक महाग पडते, पण कात्रण सरळ राहतं.

आधी चहा. पेपरावर कप ठेवायचा नाही, हा घरातला कायदा. नवऱ्यालाही लागू.

सकाळी ६.०५

पहिली फेरी. ताई पहिलं पान शेवटी वाचतात. गुन्हा शहराच्या पानावर असतो, खालच्या अर्ध्यात, जाहिरातीच्या डोक्यावर. त्या वाचतात म्हणण्यापेक्षा चाळतात. बोट ओळीवरून खाली सरकतं आणि ठरावीक शब्दांपाशी थांबतं. माथेफिरू. विकृत. सायकोपॅथ. नार्को. ब्रेन मॅपिंग. लाय डिटेक्टर. तज्ज्ञांच्या मते.

आज एकाच खुनाची बातमी तीन पेपरांत आहे. आरोपी काल संध्याकाळी धरला गेला. एका पेपरात तो माथेफिरू आहे. दुसऱ्यात त्यानं थंड डोक्यानं कट रचलाय. तिसऱ्यात त्याच्यावर मानसोपचार चालू होते, असं सूत्रांनी सांगितलंय. माणूस तोच, पोलीस ठाणं तेच. त्याला तपासलेल्या डॉक्टरांचं नाव तिन्हीकडे नाही. अटक होऊन बारा तास झालेत. इतक्यात कुठल्या डॉक्टरांनी तपासलं असणार?

चौथं कात्रण एका पुढाऱ्याचं. विरोधकाची नार्को टेस्ट करा, म्हणजे दूध का दूध होईल. पाचवं पुरवणीतलं, खोटं बोलणारा कसा ओळखाल. सहावं आणि सातवं आत्महत्येच्या बातम्या, दोन्हींत कारण मथळ्यातच सांगून टाकलेलं.

कापताना एक अडचण नेहमीची. पानाच्या मागच्या बाजूलाही कामाची बातमी निघाली तर? मग आधी झेरॉक्स. पूर्वीच्या ऑफिसात यासाठी प्रत्येक पेपराचे दोन अंक घेत. इथं दुसऱ्या अंकाला पैसे नाहीत.

सकाळी ७.३०

पाणी आलं. फळी उचलून मशिन वर. पिंप, कळशी, दोन डबे, सासूबाईंची गोळी. तासभर मानसशास्त्र बंद.

सकाळी ९.१५

आता तक्ता भरायचा. एका कात्रणाला एक तक्ता, एका तक्त्याचे अठरा रुपये. तारीख, पान, जागा. जागा कॉलम सेंटिमीटरमध्ये, फूटपट्टी लावून. मग दावा काय, कोण म्हणतंय, कुठल्या अभ्यासाचं नाव आहे का, किती माणसांवर केला, विरुद्ध मत दिलंय का. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद आहे. पुढे काय झालं.

पुरवणीतला लेख सव्वीस कॉलम सेंटिमीटर भरला. खोटारडा नजर चोरतो, नाकाला हात लावतो, पाय हलवतो. सोबत एका कावऱ्याबावऱ्या माणसाचा फोटो. अभ्यासाचं नाव नाही. ताई तिथं फुली मारतात.

या विषयावर अभ्यास मात्र ढीगभर आहेत. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये असे दोनशे सहा अहवाल एकत्र करून पाहिले. चोवीस हजारांहून जास्त लोकांनी समोरचा खरं बोलतोय की खोटं, ते सांगितलं होतं. बरोबर उत्तरं सरासरी चोपन्न टक्के. डोळे मिटून सांगितलं असतं तरी पन्नास आलीच असती. नजर चोरण्याचा तर खोटेपणाशी धड संबंधच सापडत नाही. ताईंनी हे त्या मुलीकडून ऐकलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे बघून घेतलं होतं. मला सांगताना हसल्या. "पंचवीस वर्षं मी याच्या नजरेवर चालले होते."

सकाळी ११.१०

झेरॉक्सचं दुकान. एका पानाला दोन रुपये, दोन्ही बाजूंनी काढलं तर तीन. मशिनजवळ शाळेच्या प्रोजेक्टवाल्यांची रांग. एकाला मंगळयानाचा रंगीत फोटो हवाय, दहा रुपये. ताईंची पानं काळी-पांढरी, चौदा. दुकानदार खुनाच्या बातमीवर नजर टाकतो. "फाशी झाली पाहिजे." झेरॉक्स फिकी आली म्हणून ताई एक पान परत काढून घेतात. त्याचे पैसे देत नाहीत.

सकाळी ११.४५

मुलगी आली. मेट्रोनं कांदिवली पश्चिमपर्यंत, पुढे चालत. रिक्षाचे सव्वीस वाचले. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप आणि शोधनिबंधांच्या प्रिंट. फेलोशिपचे पैसे थकलेत. ताईंचे मागच्या महिन्याचे पैसे तिनं क्लासमध्ये शिकवून दिले. त्याबद्दल दोघी बोलत नाहीत.

"मावशी, माथेफिरू किती?"

"एक. बाकीच्यांनी दुसरं काहीतरी म्हटलंय."

मुलगी प्रत्येक दाव्यासमोर निबंध काढून ठेवते. सायकोपॅथ हा शब्द मथळ्यात सहज बसतो. रॉबर्ट हेअर यांची त्यासाठीची तपासणी वीस मुद्द्यांची आहे. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. चाळीसपैकी साधारण तीस झाले तर तो शिक्का. लांबलचक मुलाखत घ्यायची, शिवाय जुनी कागदपत्रं वाचायची, आणि हे शिकलेल्या माणसानंच करायचं. पोलीस ठाण्याच्या पायरीवर बाइट देता देता होण्यातलं ते काम नव्हे.

लाय डिटेक्टरचं थोडं गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००३ मध्ये त्यावर जाड अहवाल काढला. एका ठरावीक घटनेबद्दल विचारलं, तर यंत्र अंदाजपंचे उत्तरापेक्षा बरंच बरं ठरतं, पण खात्रीपासून बरंच लांब राहतं. नोकरीतल्या सरसकट चाळणीला ते चालणार नाही. म्हणजे यंत्र अगदीच भंगार नाही आणि सत्यवचनीही नाही. असलं उत्तर मथळ्यात बसवायचं कसं, हा उपसंपादकाचा खरा पेच आहे. तो मला मान्य आहे.

सगळा दोष पेपरवाल्यांचा नाही, असं मुलगीच सांगते. पेट्रॉक समनर आणि सहकाऱ्यांचा निबंध तिनं वर काढलाय, ब्रिटिश मेडिकल जर्नल, २०१४. ब्रिटनमधल्या वीस विद्यापीठांची चारशे बासष्ट प्रसिद्धिपत्रकं, मूळ संशोधन आणि त्यावरच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवून तपासलेली. यामुळे ते होतं, असं मूळ निबंधापेक्षा ठासून सांगणारी पत्रकं तेहतीस टक्के निघाली. पत्रक फुगवलेलं असेल तर एक्क्याऐंशी टक्के बातम्याही फुगलेल्या. पत्रक सरळ असेल तर फक्त अठरा टक्के. म्हणजे हवा बऱ्याचदा विद्यापीठातच भरली जाते. ते संशोधन आरोग्याच्या बातम्यांचं होतं. गुन्ह्यांच्या बातमीत विद्यापीठाच्या जागी पोलिसांची पत्रकार परिषद असते, म्हणून मुलीनं तेच माप इथं लावायला घेतलंय.

दुपारी १.१५

जेवण. भात, मुगाची उसळ, तळलेला बोंबील. मुलगी शाकाहारी, तिला लोणचं.

जेवून पुण्याचं पाकीट उघडलं. ग्रंथालयातल्या जुन्या फायलींतून काढलेल्या झेरॉक्स. जून २००८. पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका तरुणीला आणि तिच्या जोडीदाराला खुनाबद्दल जन्मठेप दिली. तरुणीच्या आधीच्या होणाऱ्या नवऱ्याला प्रसादातून आर्सेनिक दिलं, असा आरोप. जगभर गाजला तो त्यातला एक पुरावा. तिच्या डोक्यावर बत्तीस इलेक्ट्रोड लावून घटनाक्रमाची वाक्यं तिला ऐकवली होती. वाक्यं 'मी'नं सुरू होणारी. मी हे विकत घेतलं, मी त्याला भेटले, अशी. ती गप्प बसलेली. यंत्र मेंदूतल्या लहरी नोंदवत होतं. नुसती माहिती असणं आणि स्वतः अनुभवलेलं आठवणं, यांतला फरक लहरींवरून कळतो, असा दावा. तंत्राचं नाव बीईओएस, घडवणारे चंपाडी रामन मुकुंदन, पूर्वी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतले.

पाकीट जाड आहे. टोपी घातलेल्या माणसाचे फोटो, रंगीत आकृत्या, चौकटी.

पुढची पाकिटं बारीक. त्याच वर्षी निम्हान्सचे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ही पद्धत शास्त्रीय नसल्याचं सांगून ती थांबवायला सुचवलं. बाहेरच्या शास्त्रज्ञांची हरकत साधी होती. दुसऱ्या प्रयोगशाळांनी पडताळावं असं काही पुरेसं छापलेलंच नव्हतं. पुढे मुंबई उच्च न्यायालयानं शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाचा सेल्वी निकाल आला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन आणि दोन न्यायमूर्ती. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग, यांतलं काहीही माणसाच्या मर्जीविरुद्ध करायचं नाही. मर्जीनं केलं तरी चाचणीचा निकाल हा आपोआप पुरावा होत नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली, तरच तिचा विचार होईल.

ताई सकाळचं चौथं कात्रण हातात घेतात, पुढाऱ्याचं. "याला हे कुणी सांगितलं नाही का?" २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला हेच पुन्हा सांगावं लागलं. पुढाऱ्याची मागणी छापताना खाली दोन ओळी टाकल्या असत्या तर चाललं असतं. जागा होती. खाली दागिन्यांची जाहिरात आहे, मोजली, सोळा सेंटिमीटर.

दुपारी २.३०

दिवसातलं सगळ्यात किचकट काम आता. शेवटचा रकाना भरायचा. आजच्या कात्रणांचा नाही, पाच-सहा वर्षांपूर्वीच्या. ज्यांना तेव्हा विकृत, माथेफिरू म्हटलं होतं, त्यांचं पुढे काय झालं? पेपरात सापडत नाही. मग ई-कोर्ट्स.

ताईंच्या हातात मोबाइल, मुलीच्या मांडीवर लॅपटॉप. राज्य निवडा, जिल्हा निवडा, न्यायालयांचं संकुल निवडा. एफआयआरवरून शोधता येतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पोलीस ठाणं, गुन्ह्याचा नंबर, वर्ष. बातमीत ठाणं आहे, वर्ष तारखेवरून कळतं. नंबर नाही. कधीच नसतो.

मग अंदाज बांधायचा. घटना मार्चची. त्या ठाण्यात महिन्याला साधारण किती गुन्हे दाखल होत असतील? एक नंबर टाकायचा. कॅप्चा भरायचा. कॅप्चातली अक्षरं वेडीवाकडी, ताई चष्मा वर करून वाचतात. सापडलं तर चोरी. पुढचा नंबर. अपघात. पुढचा. नोंदच नाही. पुन्हा कॅप्चा. खुनाचा खटला आधी दंडाधिकाऱ्यांकडे जातो, इथल्या ठाण्यांचा बोरिवलीला. मग सत्र न्यायालयाकडे वर्ग होतो, दिंडोशीला. म्हणजे एकच प्रकरण दोन ठिकाणी, दोन नंबरांनी. मध्येच साइट बसते. मग दोघी पंख्याकडे बघत बसतात.

हे काम सापडलं तर पन्नास रुपये, नाही सापडलं तर काही नाही. दर ताईंनीच ठरवलाय. "न सापडल्याचे कसे घेऊ? पोरीकडे कुठून येणार?"

पावणेचारला एक सापडलं. तेव्हाच्या मथळ्यात आरोपीला नराधम म्हटलं होतं, आत तज्ज्ञांनी त्याच्या बालपणाचा उलगडा केला होता. निकालपत्र उघडलं. पुराव्याअभावी निर्दोष. साक्षीदारानं ओळख परेडीत माणूस ओळखला होता, कोर्टात खात्री देता आली नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवसाचे पेपर मुलीनं आधीच पाहिलेत. एकातही ओळ नाही.

त्याच्या बालपणाचं जे छापून आलं, ते मग कुणाचं होतं?

मुलगी काही बोलत नाही. तारीख लिहून घेते. साक्षीदार खोटं बोलला असं यातून निघत नाही, हेही ती बाजूला लिहिते. आठवण बाहेरून हलते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये अपघातांच्या त्याच त्या फिल्म लोकांना दाखवल्या. गाड्या एकमेकींवर आदळल्या, असं जोरकस क्रियापद वापरून विचारलं, तेव्हा लोकांनी सांगितलेला वेग ताशी सरासरी ४०.५ मैल. नुसत्या लागल्या म्हटलं, तेव्हा ३१.८.

दुपारी ४.१५

चहा. सासूबाई खाटेवरून उठून बसल्यात. वय ऐंशीच्या पुढे. त्या तरुण होत्या तेव्हा मालाडला झोपडीत राहायच्या.

"तुम्ही रमण राघवचं काढलंत का गं?"

१९६८. उत्तर उपनगरांत रात्री झोपलेल्या माणसांच्या डोक्यात घाव घालून खून होत होते. बहुतेक पदपथावरचे, झोपडीतले. सासूबाई सांगतात, बाप्ये काठ्या घेऊन आळीपाळीनं जागायचे, बायका डबे वाजवायच्या. मांजर पत्र्यावर उडी मारायचं आणि अख्खी वस्ती ओरडत बाहेर यायची. २७ ऑगस्टला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला पकडलं. तपासाचे प्रमुख रमाकांत कुलकर्णी. इथपर्यंत सासूबाईंना पाठ आहे. कोंबडी खायला दिल्यावर तो बोलला, हेही.

"मग फाशी दिला ना त्याला?"

नाही दिला. सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. मंडळानं त्याच्या मुलाखती घेतल्या आणि जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं. आपण करतो ते बेकायदा आहे, हे त्याला कळत होतं का, त्यापेक्षा ते चूक आहे असं त्याला वाटत होतं का, हा प्रश्न तिथं उभा राहिला. १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. येरवड्यात असताना १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. कोंबडीची गोष्ट गावभर झाली आणि मंडळाचा अहवाल फायलीत राहिला. आजही त्याचं नाव घेताना लोक कोंबडीच सांगतात.

"म्हणजे आजारी होता?" सासूबाई विचारतात. मग जरा वेळानं, "आम्हाला कोण सांगणार?"

यातही एक घसरण आहे. स्किझोफ्रेनिया म्हटला की खुनी, असं लगेच डोक्यात बसतं. मुलगी थांबून सांगते की समाजातल्या एकूण हिंसाचारात गंभीर मनोविकाराचा वाटा अमेरिकेतल्या अभ्यासांत तीन ते पाच टक्क्यांच्या घरात आला. मथळ्यांत तो फार मोठा दिसतो. सासूबाईंना टक्के समजत नाहीत. गोळी समजते. शेजारच्या एका मुलाला तीच औषधं चालू आहेत, तो त्यांना बाजारातून भाजी आणून देतो.

संध्याकाळी ५.४०

रद्दीवाला. हातात तराजू. ताईंची रद्दी तो दुरून ओळखतो.

"ताई, यात भोकं."

"भोकांचं वजन मी मागतेय का?"

धड रद्दी किलोला चौदा. ताईंच्या रद्दीला नऊ. भोकाच्या कागदाची पिशवी होत नाही, पुडी होत नाही. आठवड्याची रद्दी चार किलो सातशे ग्रॅम. बेचाळीस रुपये. वरचे तीस पैसे कुणी काढत नाही.

संध्याकाळी ६.३०

सोसायटीच्या चौकात अण्णा बसलेत, निवृत्त वार्ताहर. तीसेक वर्षं गुन्हे आणि पोलीस. मुलगी त्यांना मुद्दाम गाठते.

"अण्णा, सुटल्याची बातमी का नाही येत?"

अण्णांना राग येत नाही. "क्राइमची बीट वेगळी, कोर्टाची वेगळी. अटक मी लिहिली. खटला पाच वर्षांनी उभा राहिला. तोवर मी दुसऱ्या पेपरात. कोर्टवाला पोरगा हायकोर्टात बसतो, तिथं मोठ्या बातम्या. दिंडोशीला रोज कोण जाणार? त्याला गाडीभाडं कोण देणार?"

"आणि तज्ज्ञ?"

"रात्री साडेनऊला पान लागतंय. फोन उचलेल तो तज्ज्ञ."

ते लपवत नाहीत, हे मला आवडलं. मग ते एक कामाची गोष्ट सांगतात. पोलिसांच्या पत्रकात सी. आर. नंबर असतोच. गुन्हा रजिस्टर क्रमांक. वार्ताहराच्या वहीतही तो उतरतो. बातमीत गाळला जातो, कारण वाचकाला त्याचं काय काम, असं सगळे धरून चालतात.

ताई जिन्यावरून ऐकतायत. "काम आहे हो," त्या वरूनच म्हणतात. "मला आहे."

रात्री ८.००

टीव्ही. अर्ध्या तासाच्या चर्चेचा एक तक्ता, साठ रुपये. ताई मोबाइलवर स्टॉपवॉच लावतात. कोण किती बोललं, सेकंदांत. पडद्यावर चौकटी. निवृत्त पोलीस अधिकारी, वकील, पक्षाचे प्रवक्ते, एक मानसोपचारतज्ज्ञ. विषय सकाळचाच खून. मानसोपचारतज्ज्ञांनी आरोपीला पाहिलेलंही नाही. ते दोनदा तसं सांगू पाहतात, निवेदक दोन्ही वेळा तोडतो. ताई लिहितात, तोडलं, दोन. न तपासलेल्या माणसाच्या मनाबद्दल जाहीर मत देऊ नये, हा नियम अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्येच केला. इथले डॉक्टरही तो पाळायला बघत होते.

मुलगी २०२० चे तक्ते शेजारी ठेवते. १४ जूनला वांद्र्याला अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेला आणि पुढचे काही महिने घराघरांत सायकॉलॉजिकल ऑटॉप्सी हा शब्द पोचला. पद्धत जुनी आहे. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये श्नाइडमन, फार्बरो आणि लिटमन यांनी तिथल्या कॉरोनरसाठी ती बसवली. मृत्यू अपघाती की आत्महत्या, असा संशय असला की घरच्यांशी, मित्रांशी, डॉक्टरांशी सावकाश बोलायचं, कागदपत्रं वाचायची आणि शक्यता मांडायची. टीव्हीवर तिचं यंत्र झालं. मन कापून आतला गुन्हेगार दाखवणारं.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एम्सच्या मंडळानं खुनाची शक्यता फेटाळली. १८ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि जी. एस. कुलकर्णी यांनी, वाहिन्यांनी काय टाळावं ते लिहून दिलं. मृत व्यक्तीला दुबळ्या मनाची ठरवू नका, घटना नाट्यरूपात उभी करू नका, पोलिसांपुढच्या कबुलीला पुरावा म्हणून मिरवू नका. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं तपास बंद करत असल्याचा अहवाल दिला. या प्रकरणाचा शेवटचा रकाना भरला गेला, कारण माणूस मोठा होता.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी आजच्या चर्चेत एक नट रंगमंचावर खून कसा झाला ते करून दाखवतो. ताई स्टॉपवॉच दाबतात. एक मिनिट दहा सेकंद.

रात्री ९.४५

मुलगी गेली. पोळ्या झाल्या, भांडी झाली. वहीत हिशोब. सात तक्ते, एकशे सव्वीस. सापडलेलं एक प्रकरण, पन्नास. टीव्ही, साठ. एकूण दोनशे छत्तीस. पेपरांचे आणि झेरॉक्सचे वेगळे लिहिले, ते मुलगी देईल. रद्दीचे बेचाळीस स्वतःचे. ब्लेडचं पाकीट संपत आलंय.

दुपारी न सापडलेल्या प्रकरणांची यादी भिंतीवर टाचणीनं लावलीय. ती सापडलेल्यांपेक्षा लांब आहे. सगळ्यांत एकच गोष्ट कमी आहे, चार आकडी किंवा त्याहूनही लहान एक नंबर.

तुम्ही पेपर घेत असाल तर संपादकांना एवढं एक पत्र लिहा. अटकेच्या बातमीखाली पोलीस ठाण्याच्या नावाशेजारी गुन्हा रजिस्टर क्रमांक छापा. आरोपीच्या मनाबद्दल तज्ज्ञ बोलला असेल, तर त्यानं आरोपीला तपासलं होतं की नाही, तेही लिहा. दोन्हींना मिळून एक ओळ लागते.